तंजावरच्या पाण्याची चव कुठे हरवली?

घरात पाणी शुद्ध करणारे यंत्र आले आणि सकाळची कॉफी बेचव झाली, अशी तक्रार कावेरीकाठच्या घरांतून ऐकू येते. दोष कॉफीचा, यंत्राचा की आपल्या जिभेचा?

सकाळचे सहा वाजलेले. पितळी फिल्टरमधून कॉफीचा काढा थेंबथेंब खाली उतरलेला. दूध उकळून वर आलेले. सून डबऱ्यात पेला ठेवून कॉफी सासूबाईंपुढे आणते. पहिला घोट घेताच सासूबाईंच्या कपाळावर आठी.

"अगं, आज पावडर कमी पडली का?"

"नाही हो आई, माप नेहमीचंच आहे. दूधही तेच."

"मग पाणी कुठलं घेतलंस?"

पाणी नव्या यंत्राचे असते. आदल्याच आठवड्यात भिंतीवर बसवलेले, निळ्या दिव्याचे, घरातल्या सर्वांना कौतुक वाटणारे! सून मनातून खट्टू होते. एवढे पैसे खर्चून शुद्ध पाणी घरात आणले आणि त्यालाच नावे ठेवली जावीत?

तंजावरात राजवाड्याभोवतालच्या जुन्या वस्तीत असा संवाद मराठीतही घडू शकतो. १६७० च्या दशकात शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे यांनी येथे मराठी राज्य स्थापन केले आणि ते १८५५ पर्यंत टिकले. त्या काळात येथे येऊन स्थायिक झालेल्या कुटुंबांचे वंशज आजही घरात आपली जुन्या वळणाची, तमिळ शब्दांची फोडणी दिलेली मराठी बोलतात. ताटात सांबार-रसम आणि पेल्यात फिल्टर कॉफी असली, तरी पाणी चाखण्याची त्यांची जीभ आपल्यासारखीच चोखंदळ आहे. ज्या भाषेत पाणी गोड असते, जड असते, हलके असते, मचूळ असते, सपक असते आणि एखाद्याला 'मानवत' किंवा 'बाधत' असते, त्या भाषेच्या माणसांना पाण्याची चव कळणारच!

पाण्याला चव असते का?

शाळेत आपण शिकलो की पाणी रंगहीन, गंधहीन आणि चवहीन असते. हे खरे आहे ते फक्त प्रयोगशाळेतल्या ऊर्ध्वपातित पाण्याबाबत आणि तेही पूर्णपणे नाही. आपण पितो ते पाणी जमिनीतून, दगडांतून, वाळूतून वाट काढत येते. येताना कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम यांचे क्षार आणि बायकार्बोनेट बरोबर घेऊन येते. हवेतला प्राणवायू आणि कर्बवायूही त्यात विरघळलेला असतो. या सगळ्यांच्या मिश्रणालाच आपण पाण्याची चव म्हणतो.

पाण्यात विरघळलेल्या या क्षारांचे एकूण प्रमाण म्हणजे टीडीएस. ते दर लिटरमागे मिलीग्रॅममध्ये मोजतात. माणसांना पाणी चाखायला देऊन केलेल्या पाहण्यांच्या आधारे जागतिक आरोग्य संघटनेने चवीची एक पट्टीच दिली आहे. टीडीएस ३०० पेक्षा कमी असेल तर चव उत्तम, ३०० ते ६०० चांगली, ६०० ते ९०० बरी, ९०० ते १२०० वाईट आणि त्यापुढे नकोशी. मात्र याच संघटनेने एक इशाराही दिला आहे. क्षार अगदीच कमी असलेले पाणीही लोकांना आवडत नाही. ते सपक लागते. म्हणजे पाणी जितके 'रिकामे' तितके गोड, हा समज चुकीचा आहे. गोडी मधल्या पट्ट्यात आहे.

याचे एक कारण आपल्या तोंडातच आहे. लाळेत मीठ आणि इतर क्षार असतात आणि जिभेला त्यांची सवय झालेली असते. लाळेपेक्षा फारच कमी क्षार असलेले पाणी जिभेवर आले की ते सपक, क्वचित किंचित कडवटही भासते. जिभेवर आधी काय होते यावर पाण्याची चव कशी बदलते, याचा अनुभव आपल्या प्रत्येकाला आहे. आवळा खाऊन पाणी प्यायले की ते साखर घातल्यासारखे गोड लागते. पाणी तेच, पेला तोच. बदललेली असते ती जीभ.

शिवगंगेचे गोड पाणी

तंजावर शहराला गोड पाण्याची मोठी परंपरा आहे. बृहदीश्वराच्या मंदिराला लागूनच शिवगंगा तलाव आहे. त्याच्या काठी १८७१-७२ मध्ये नगरपालिकेने बाग केली आणि आज ती शिवगंगा उद्यान म्हणून ओळखली जाते. या तलावाचे पाणी गोडीसाठी नावाजलेले होते. नायक राजांच्या काळातील शेवप्पनायकन तलावात आधी पावसाचे पाणी साठे. तेथून ते शिवगंगेत येई आणि पुढे जमिनीखालून भाजक्या मातीच्या नळांनी राजवाड्याकडे व शहरातल्या विहिरी-तलावांकडे जाई. मराठा राजांच्या काळी ही व्यवस्था 'जलसूत्र' या नावाने ओळखली गेली.

या रचनेतले शहाणपण पाहण्यासारखे आहे. पहिल्या तलावात पाणी स्थिरावले की गाळ तळाशी बसतो. मग तुलनेने निवळ पाणीच पुढच्या तलावात जाते. आज घरच्या यंत्रात पहिली नळी गाळ अडवते, तेच काम तिथे एक अख्खा तलाव करत होता! शिवाय पावसाच्या पाण्यात जमिनीखालच्या पाण्यापेक्षा क्षार कमी, म्हणून ते जिभेला हलके.

घराघरांतली तऱ्हा वेगळी होती. मेट्टूर धरणाचे पाणी सोडण्याचा परंपरागत दिवस १२ जून. ते पाणी कालव्या-नद्यांतून खाली आले आणि आडी महिन्याच्या अठराव्या दिवशी, म्हणजे ऑगस्टच्या सुरुवातीला, नदीकाठी 'आडिपेरुक्कु'चा सण झाला, की कावेरीचे गढूळ, तांबूस पाणी पुरवून वापरण्याचे दिवस येत. त्यासाठी तमिळ घरांत 'तेट्रान कोट्टै' नावाचे बी असे. हेच आपले निवळी. मातीच्या भांड्याच्या आतल्या बाजूला हे बी चोळायचे, वर पाणी ओतायचे आणि भांडे स्वस्थ ठेवायचे. थोड्या वेळाने मातीचे कण एकमेकांना चिकटून तळाशी बसतात व वर निवळ पाणी उरते. सुश्रुतसंहितेत पाणी स्वच्छ करणाऱ्या सात वस्तूंत 'कतक' या नावाने हेच बी सांगितले आहे. आपल्याकडे पावसाळ्यात पाण्यात तुरटी फिरवतात, तोच हा प्रकार. अर्थात निवळीने आणि तुरटीने पाणी निवळते. जंतू पूर्णपणे जात नाहीत, हे मात्र विसरू नये.

उन्हाळ्यात माठात वाळ्याची जुडी सोडण्याची रीत दोन्हीकडे आहे. आपण वाळा म्हणतो, तमिळमध्ये 'वेट्टिवेर'. वाळ्याने पाणी शुद्ध होत नाही, पण सुगंधाने ते अधिक गार आणि गोड वाटते.

तंजावरच्या मराठी दरबारालाही आहाराच्या गुणदोषांचे कुतूहल होते. व्यंकोजीराजांच्या पत्नी दीपाबाई यांच्या आश्रयाला असलेल्या रघुनाथ गणेश नवहस्त या पंडिताने सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात 'भोजनकुतूहल' हा संस्कृत ग्रंथ लिहिला. काय खावे, कशाबरोबर खावे आणि काय टाळावे, याची चर्चा त्यात आहे. 'चांगले काय' हा प्रश्न इथल्या स्वयंपाकघराला नवा नाही.

यंत्रात पाण्याचे काय होते?

आज शहराला कोळ्ळिडम आणि वेण्णार या नद्यांमधून पाणी मिळते. त्यात जंतुनाशक क्लोरीन मिसळलेले असते. शिवाय अनेक घरांत बोअरवेलही आहे. या पाण्यावर घरी वेगवेगळे उपचार होतात आणि प्रत्येकाचा चवीवर परिणाम निराळा.

उकळणे हा सर्वांत जुना आणि भरवशाचा उपाय. चांगले खळखळून उकळले की जंतू मरतात. पण त्याबरोबर पाण्यातले वायूही निघून जातात आणि काही कॅल्शियम पांढऱ्या थराच्या रूपाने भांड्याला चिकटते. म्हणून उकळलेले पाणी 'मेल्यासारखे' लागते. उपाय सोपा आहे. गार झाल्यावर ते एका स्वच्छ भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून चार-पाच वेळा ओतावे. हवा पुन्हा मिसळते आणि चव बरीचशी परत येते.

मेणबत्तीच्या आकाराच्या चिनीमातीच्या कांड्या असलेला स्टीलचा फिल्टर एके काळी घरोघरी होता. तो गाळ अडवतो. क्षारांना हात लावत नाही, म्हणून पाण्याची मूळ चव तशीच राहते.

कोळशाचा, म्हणजे सक्रिय कार्बनचा फिल्टर चवीच्या दृष्टीने सर्वांत गुणी. तो क्लोरीनचा वास घालवतो. तलावाच्या किंवा नदीच्या पाण्याला कधी कधी येणारा मातकट वासही घालवतो. हा मातकट वास जिओस्मिन नावाच्या द्रव्याचा असतो. पहिल्या पावसानंतरच्या मृद्गंधात आणि बिटाच्या चवीतही तेच असते. एक लिटर पाण्यात ते एका ग्रॅमच्या काही अब्जांश एवढे असले तरी माणसाच्या नाकाला कळते. अंगणात जो वास हवाहवासा वाटतो तोच पेल्यात नकोसा होतो! फिल्टरमधला हा कोळसा पुष्कळदा नारळाच्या करवंटीपासून केलेला असतो. तंजावर जिल्ह्यातला पट्टुकोट्टै आणि पेरावूरणीचा भाग नारळबागांसाठीच प्रसिद्ध आहे.

यूव्ही म्हणजे अतिनील किरणांचा दिवा जंतूंना निष्प्रभ करतो, पण पाण्यात काही घालत नाही आणि काही काढतही नाही. त्यामुळे त्याने चव बदलत नाही. पाणी गढूळ असेल तर मात्र किरण आतपर्यंत पोचत नाहीत, म्हणून आधी गाळणे आवश्यक.

आणि शेवटी आरओ, म्हणजे रिव्हर्स ऑस्मॉसिस. यात पाणी दाबाने एका अतिसूक्ष्म पडद्यातून ढकलले जाते. पाणी पलीकडे जाते. बहुतेक क्षार अलीकडेच राहतात. या पडद्याला व्यवहारात आणण्याचे श्रेय सिडनी लोब आणि श्रीनिवास सौरीराजन या दोन शास्त्रज्ञांना जाते. १९५९-६० च्या सुमारास अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठात त्यांनी तो तयार केला. उद्देश होता समुद्राचे खारे पाणी पिण्याजोगे करण्याचा. समुद्रासाठी बनवलेले हे तंत्र आज नदीच्या पाण्यावरही बसले आहे. सासूबाईंच्या तक्रारीचे मूळ येथेच आहे.

आरओच्या पडद्यातून बायकार्बोनेट अडते, पण कर्बवायू निसटून जातो. म्हणून या पाण्यात क्षार कमी होतात आणि ते किंचित आम्लधर्मी होते. जिभेला ते आधी 'हलके' वाटते, मग 'रिकामे'. महिनाभराने त्याची सवय होते आणि मग माहेरी गेल्यावर तिथलेच पाणी जड वाटू लागते!

कॉफीला पाणी हवे कसे?

कॉफीच्या पेल्यात सर्वांत जास्त असते ते पाणीच. कॉफीच्या पुडीतला स्वाद बाहेर ओढून काढण्याचे काम पाण्यातले मॅग्नेशियम आणि कॅल्शियम करतात, असे इंग्लंडमधील बाथ विद्यापीठात २०१४ मध्ये झालेल्या अभ्यासात दिसून आले. म्हणून क्षार नसलेल्या पाण्यात काढा सपक उतरतो. उलट बायकार्बोनेट फार असलेल्या बोअरच्या पाण्यात कॉफीचा सुखद आंबटपणा मारला जातो आणि ती मातकट लागते. कॉफीतज्ज्ञ साधारण १५० मिलीग्रॅम टीडीएसचे पाणी योग्य मानतात. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' इतकी नावाजली त्यात दुधाचा वाटा मोठा आहेच. पण काढा चांगला उतरायला पाणीही जुळावे लागते.

आरओच्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण कॅल्शियम डाळीच्या पेशींना घट्ट बांधून ठेवते. क्षार काढलेल्या पाण्यात ती मऊ शिजते. तेव्हा सांबाराला जे पाणी चांगले, तेच कॉफीला चांगले असेल असे नाही.

जिभेवर किती विश्वास ठेवावा?

इथपर्यंत जिभेची बाजू झाली. पण जीभ फक्त चव सांगते, सुरक्षितता सांगत नाही. कावीळ आणि विषमज्वर पसरवणारे जंतू असलेले पाणी अत्यंत गोड लागू शकते. फ्लोराइड, नायट्रेट आणि आर्सेनिक यांना पाण्यात आढळणाऱ्या प्रमाणात चव नसते. 'आमच्या विहिरीचे पाणी अमृतासारखे आहे' या खात्रीवर लहान मुलाच्या प्रकृतीची जबाबदारी टाकता येत नाही. क्लोरीनचा उग्र वास आवडत नाही म्हणून नळाच्या पाण्याला नाक मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे, की तो वास म्हणजे पाण्यावर पहारा असल्याची खूण आहे. नळाच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरलेले असावे, असे भारतीय मानक सांगते.

डोळ्यांवरही विश्वास ठेवू नये. यंत्र विकणारे काही जण घरी येऊन दोन पेल्यांत विजेच्या पट्ट्या बुडवून दाखवतात. नळाचे पाणी क्षणात तपकिरी, घाण होते. यंत्राचे स्वच्छ राहते. गृहिणी हादरते. वास्तविक ती घाण पाण्यातली नसते, पट्टीच्या लोखंडाची असते. क्षार असलेल्या पाण्यातून वीज वाहते आणि लोखंड झिजून पाण्यात उतरते. क्षार नसलेल्या पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, म्हणून ते स्वच्छ दिसते. उत्तम प्रतीच्या खनिजयुक्त पाण्याचेही असेच होईल!

कोणाला हवे आरओ?

तंजावरहून पूर्वेला नागपट्टिणमच्या किनाऱ्याकडे जावे तसे चित्र बदलते. १९९१ पर्यंत हा भाग तंजावर जिल्ह्यातच होता. किनाऱ्यालगत जमिनीखालचे पाणी ठिकठिकाणी खारे आहे आणि २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीत समुद्राचे पाणी शिरून अनेक विहिरी आणखी खाऱ्या झाल्या. अशा ठिकाणी आरओ ही चैन नाही, गरज आहे. फ्लोराइड, नायट्रेट वा आर्सेनिक जास्त असलेल्या गावांतही तीच स्थिती. उकळून, गाळून हे पदार्थ जात नाहीत. उलट उकळल्याने पाणी आटते आणि त्यांचे प्रमाण वाढते.

पण जिथे नदीचे, कमी क्षारांचे पाणी नळाला येते तिथे आरओ लावणे म्हणजे चव गमावून वर पाणी वाया घालवणे. घरगुती यंत्रात एक लिटर पाणी मिळवताना साधारण दोन ते तीन लिटर पाणी मोरीत जाते. ज्या कावेरीच्या पाण्यासाठी दोन राज्ये वर्षानुवर्षे न्यायालयात भांडली, तेच पाणी घरातल्या नळीतून असे वाहून जावे, हे कुणालाही रुचणार नाही. पाण्याचा टीडीएस ५०० पेक्षा कमी असेल तेथे आरओला मनाई करावी, असे निर्देश राष्ट्रीय हरित लवादाने मे २०१९ मध्ये सरकारला दिले होते, ते याच कारणासाठी. भारतीय मानकातही टीडीएसची इष्ट मर्यादा ५०० आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत पाणी चालते.

यंत्र घेण्यापूर्वी आणि घेतल्यावर

आधी पाणी तपासून घ्या, मग यंत्र निवडा. महाराष्ट्रात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या, तर तमिळनाडूत राज्याच्या पाणीपुरवठा मंडळाच्या प्रयोगशाळांत तपासणी होते. टीडीएसबरोबर फ्लोराइड, नायट्रेट आणि जंतू यांचीही तपासणी मागा. विक्रेत्याच्या खिशातले टीडीएस मीटर फक्त क्षार सांगते, जंतू नाही.

नळाचे पाणी कमी क्षारांचे आणि इतर दोषांपासून मुक्त असेल, तर गाळणी, कोळसा आणि यूव्ही एवढे पुरते. चव राखली जाते आणि पाणीही वाया जात नाही.

आरओ आवश्यकच असेल तर त्याचे पाणी शून्याच्या जवळ नेऊ नका. मात्र टीडीएस वाढवण्याची कळ पुष्कळदा पडद्यातून न गेलेले पाणीच परत मिसळते. फ्लोराइड वा नायट्रेटसाठी यंत्र घेतले असेल, तर ही कळ वापरू नये.

कोळशाची कांडी वेळेवर बदला. जुन्या कांडीत जंतू वाढतात आणि पाण्याला कुबट वास येतो. कोळशाने क्लोरीन काढले की पाण्यावरचा पहाराही उठतो. म्हणून असे पाणी स्वच्छ, झाकलेल्या भांड्यात ठेवावे व लवकर संपवावे.

आरओतून बाहेर जाणारे पाणी बादलीत धरा. फरशी पुसायला, संडासात टाकायला ते चालते.

आणि घरच्या घरी एक गंमत करून पाहा. नळाचे शुद्ध केलेले, उकळून गार केलेले, माठातले आणि आरओचे असे पिण्यायोग्य पाणी चार सारख्या पेल्यांत ठेवा. चारही सारखेच गार हवे, कारण गारव्यात चव लपते. कुणाला न सांगता सर्वांना चाखायला द्या. ज्या पाण्याला घरात रोज नावे ठेवली जातात, तेच पहिले आले तर आश्चर्य वाटू देऊ नका!

सासू-सुनेच्या त्या घरातही असा तोडगा निघू शकतो. पाणी तपासले आणि क्षार कमी निघाले, तर आरओऐवजी कोळसा आणि यूव्हीचे साधे यंत्र. क्षार जास्त निघाले, तर आरओ ठेवायचे, पण त्याचे पाणी अगदी रिकामे होऊ द्यायचे नाही. शुद्ध पाण्याचा सुनेचा आग्रह योग्य आहे आणि चव बदलली हे सासूबाईंचे म्हणणेही खरे आहे. दोघींपैकी एकीला गप्प बसवण्याची गरज नाही. पाणी तपासून यंत्र निवडले, तर पेल्यातली कॉफी पुन्हा पूर्वीसारखी लागेल आणि ती निर्धास्तपणे पिताही येईल.